खुराक कोणाचा, मल्ल कोणाचा?

(भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोर किंवा वेल्हे तालुक्यातील बावीस-तेवीस वर्षांचा एखादा तरुण कुस्ती शिकण्याच्या इच्छेने तालमीत जातो, तेव्हा वस्ताद त्याला बहुधा दोन प्रश्न विचारतात. पहिला, "वय काय?" आणि दुसरा, "घरचे काय म्हणतात?" पहिल्याचे उत्तर ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडते आणि दुसऱ्याचे उत्तर ऐकून ते नकारार्थी मान हलवितात. यात वस्तादांचा दुष्टावा नाही. अंगाला माती लागायची ती आठव्या-दहाव्या वर्षी आणि पैलवान पोसायचा तो घराने, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे. परंतु ज्या मुलाला आठव्या वर्षी गुरांमागे जावे लागले आणि ज्याच्या घरात पैलवान पोसण्याइतके दूध कधी उरलेच नाही, त्याने कोणत्या दाराने आत यावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

हा एका तरुणाच्या हौसेचा प्रश्न आहे, पक्षाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. रोजगार हमीची मजुरी थकली आहे, धरणग्रस्तांची प्रकरणे पडून आहेत, एस.टी.च्या फेऱ्या बंद होत आहेत. असे असता कुस्तीची चर्चा कशाला? हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. वस्तुतः या साऱ्या प्रश्नांचा आणि त्या तरुणाच्या उशिरा येण्याचा उगम एकच आहे. कोणाला खेळ लहानपणी मिळतो आणि कोणाला तो मिळतच नाही, हे निसर्ग ठरवीत नाही. ते जमीन, पाणी आणि फुरसत यांच्या वाटपावरून ठरते.

या दोन तालुक्यांना पराक्रमाचा वारसा नाही असे कोणी म्हणणार नाही. तोरणा आणि राजगड येथले. कारीचे कान्होजी जेधे, भुतोंड्याचे येसाजी कंक, हिरडस मावळातील बांदल आणि बाजीप्रभू याच डोंगरांतले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तथापि मावळ्याचा जयजयकार करणे सोपे आणि मावळ्याच्या आजच्या वंशजाला अर्धा शेर दूध देणे अवघड, हे गेल्या कित्येक वर्षांचे राजकारण आहे. गडावर भगवे झेंडे मिरविणाऱ्या पुढाऱ्याला पायथ्याच्या वाडीतील तरुण पुण्यात रात्रपाळीचा पहारेकरी आहे हे ठाऊक असते. त्याची त्याला खंत नसते.

आता पाण्याचा हिशेब पाहावा, कारण कुस्तीचा हिशेब त्यातच दडलेला आहे. येळवंडी नदीवरील भाटघरचे मोठे धरण, ज्याला इंग्रजी अमदानीत लॉइड धरण म्हणत, १९२८ साली पुरे झाले. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापुराकडे आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसाकडे गेले. पुढे भोरमध्येच नीरा-देवघर झाले. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी झाली. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. डोंगरातील माणसाच्या वाट्याला आले ते विस्थापन, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि त्या पावसावर येणारे भाताचे एक पीक.

पाणी जेथे गेले तेथे ऊस झाला. ऊस झाला तेथे कारखाना उभा राहिला, बारमाही वैरण झाली, गोठ्यात म्हशी वाढल्या. पैलवानाच्या पोटात जे दूध-तूप जाते ते अशा रीतीने कालव्यातूनच येते. कोल्हापूर-सांगलीकडील काही सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल ठेवण्याची प्रथा पाडली; ती चांगलीच प्रथा होय. परंतु तिचा लाभ ऊस पिकविणाऱ्या मुलुखाला झाला. भोर तालुक्यातही राजगड सहकारी साखर कारखाना झाला खरा. पण हिर्डोशीच्या किंवा पासलीच्या खोऱ्यात ऊस पिकत नाही. तेथे भात होतो, नाचणी-वरई होते आणि उन्हाळ्यात, धरणाच्या पाण्याकडे पाहत, टँकरची वाट पाहिली जाते. ज्या डोंगराने पाणी दिले त्याच्या मुलाला खुराक मिळाला नाही, एवढ्या एका वाक्यात येथील मल्लविद्येचा इतिहास सांगता येईल.

अशा घरातील मुलाचे बालपण कसे जाते? आषाढात चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी, उरलेल्या दिवसांत शाळा. तीही चालत, दूरची. दहावी-बारावी झाली की शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात कंत्राटी काम, नाहीतर मुंबईची वाट. हाती स्वतःची कमाई येऊन स्वतःचा असा संध्याकाळचा एक तास त्याला प्रथमच मिळतो तो विसाव्या वर्षानंतर. त्याच्या बरोबरीचा दुसरा मुलगा तोपर्यंत दहा-बारा वर्षे जोर-बैठका काढून चुकलेला असतो. डाव शिकण्याआधी तो डाव अंगात मुरलेला असतो. हा जो उशीर आहे तो आळसाचा नव्हे. तो त्या मुलाने घराला दिलेल्या श्रमाचा आहे.

क्रीडाव्यवस्थेची शिडी मात्र या उशिराची दखल घेत नाही. जागतिक कुस्ती संघटनेच्या स्पर्धांत पंधरा, सतरा, वीस आणि तेवीस वर्षांखालील असे गट आहेत आणि त्यापुढे खुला वरिष्ठ गट. उशिरा येणाऱ्यासाठी खालच्या पायऱ्या आधीच काढून घेतलेल्या असतात. त्याला पहिलेच पाऊल वरच्या पायरीवर टाकावे लागते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड शालेय वयात होते. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेने २०१८ साली निवडक खेळाडूंना वर्षाला ५ लाख रुपयांप्रमाणे आठ वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. तेही कोवळ्या वयातील गुण हेरण्यासाठी. गुण लवकर हेरावेत याला विरोध नाही. परंतु ज्याच्या वाडीपर्यंत हेरणारा कधी पोहोचलाच नाही त्याला पुढे "तू उशीर केलास" असे सुनावणे हा उघड अन्याय आहे.

आता घराचा विचार. पाठिंबा न देणाऱ्या बापाला खलनायक ठरविण्याची चूक कार्यकर्त्यांनी करू नये. त्याचे गणित साधे आणि कठोर आहे. मुलगा दोन वेळा मेहनत करील तर जादा पाळी करणार नाही. म्हणजे मजुरी बुडाली. मेहनतीला दूध, अंडी, बदाम लागतील. म्हणजे खर्च वाढला. गुडघा निखळला किंवा मानेला मार बसला तर दवाखाना घरानेच करावयाचा आणि खाटेवरच्या माणसाला घरानेच पोसावयाचे. आईला लग्नाची काळजी, बापाला सोसायटीच्या कर्जाची. "कुस्तीने कोणाचे पोट भरले?" हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो अनुभवाचा आहे. ज्या घराला एका महिन्याचा पगार चुकणे परवडत नाही त्या घराने दहा वर्षांचा जुगार खेळावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून घराचा नकार मोडून काढण्याची भाषा सोडून, नकार देणे भाग पडू नये अशी परिस्थिती निर्माण करण्याची भाषा बोलली पाहिजे.

मुलीच्या बाबतीत या गणितात आणखी एक वजाबाकी येते. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली, तेव्हाच्या औरंगाबादला, सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी त्यानंतर ६२ वर्षांनी, २०२३ साली सांगलीस झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. ऑलिंपिकमध्येही स्त्रियांची कुस्ती २००४ साली अथेन्स येथे प्रथम आली. म्हणजे आज तिशीत असलेली वेल्ह्याची स्त्री ज्या वयात शिकू शकली असती त्या वयात तिच्यापुढे दारच नव्हते. तिला उशिरा आलेली म्हणणे हे सत्याला धरून नाही. दारच उशिरा उघडले. आणि ते उघडल्यावरही आत काय आहे, ही भीती राहतेच. २०२३ साली देशातील नामवंत महिला मल्लांना कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून जंतरमंतरवर बसावे लागले. ज्यांच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक होते त्यांची ही गत, तर जिच्या पाठीशी तिचे घरसुद्धा नाही अशा मुलीने कोणाच्या भरवशावर तालमीत पाऊल टाकावे?

घर पाठीशी नाही आणि शासन पाठीशी नाही, तेव्हा त्या तरुणाच्या पाठीशी कोणीच उभे राहत नाही असे समजू नये. कोणीतरी उभा राहतोच, आणि तोच या प्रश्नाचा सर्वांत घातक भाग आहे. पुणे-सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीला सोन्याचे मोल आले आहे. जमिनीचे व्यवहार करणाऱ्याला, टोलनाके चालविणाऱ्याला, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला दंडात ताकद असलेली पोरे हवी असतात. तो खुराक देतो, मोटारसायकल देतो, वाढदिवसाच्या फलकावर छायाचित्र छापतो. बदल्यात एके दिवशी कुंपण घालायला, ताबा घ्यायला किंवा नुसते पाठीमागे उभे राहायला बोलावतो. ज्याचा खुराक त्याचा मल्ल, हा व्यवहार आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन जाते तो आणि ती हिसकावून घेण्यासाठी आणलेला तरुण, दोघेही पुष्कळदा एकाच खोऱ्यातले असतात. पोलीस ठाण्यात नाव लागले की नोकरभरतीचे दारही बंद होते. खेळाडूंसाठी राज्याच्या सेवेत ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु ज्याने पदक मिळविण्याआधीच फौजदारी गुन्हा मिळविला त्याला त्या राखीव जागांचा काय उपयोग? ज्यांना कुस्ती हा चळवळीचा विषय वाटत नाही त्यांनी या जागी थोडे थांबून विचार करावा. हा प्रश्न समाजवाद्यांनी हाती घेतला नाही तर तो रिकामा राहत नाही. दुसरे कोणीतरी तो हाती घेते.

मल्लाला आश्रय लागतो ही गोष्ट जुनीच आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तो दिला. १९१२ साली बांधलेले खासबागेचे मैदान आजही उभे आहे. संस्थाने गेली, राजाश्रय गेला आणि लोकाश्रयाचा काळ आला. लोकाश्रय म्हणजे काय, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला प्रथमच मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या पैशांतून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. खाशाबांच्या घरी कुस्तीची परंपरा होती, ते लहानपणी मातीत उतरले होते, हे खरे. तरीही घराची ऐपत जेथे संपली तेथे समाजाला घर व्हावे लागले. आणि ज्या राज्यसंस्थेने पुढे यायला हवे होते तिने काय केले? खाशाबांचा १९८४ साली अपघातात मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. उशीर हा केवळ मल्लच करतात असे नाही.

उशिरा सुरुवात करणाऱ्याला खरोखर काही साधता येते का, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. जपानमध्ये जिगोरो कानो या अशक्त प्रकृतीच्या विद्यार्थ्याने सतराव्या वर्षी जुजुत्सु शिकण्यास आरंभ केला. वडिलांना ती विद्या निरुपयोगी वाटत होती. त्याच कानोंनी १८८२ साली एका बौद्ध मंदिरात कोदोकान स्थापून ज्यूदो घडविला आणि १९६४ साली तो ऑलिंपिकमध्ये गेला. मणिपूरच्या शेतमजूर घरातील मेरी कोम सतरा-अठराव्या वर्षी मुष्टियुद्धाकडे वळली. घरी तिने सांगितले नव्हते. वडिलांना समजले ते वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून. २०१२ साली लंडनमध्ये तिने कांस्यपदक मिळविले. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु ती दाखवून भोरच्या तरुणाला "तूही जगज्जेता होशील" असे सांगणे ही फसवणूक होईल. बाविसाव्या वर्षी सुरुवात करणारे बहुसंख्य मल्ल जिल्ह्याच्या पलीकडे जाणार नाहीत. काही राज्यपातळीवर जातील, एखादा पुढे जाईल. काही चांगले पंच होतील, काही वस्ताद होतील. मोठ्या वयात शिकलेल्याला आपण कसे शिकलो हे आठवत असते; म्हणून तो पुष्कळदा चांगला शिक्षक होतो. वाडीतील आठ वर्षांच्या मुलाला वेळेवर शिकविणारा माणूस अशाच उशिरा आलेल्यांतून निघेल. हे फळ पदकाहून कमी मोलाचे नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे आपापल्या गावातील तालीम उघडी करणे. गावोगाव तालमीची इमारत असते. कोठे तिला कुलूप असते, कोठे तिच्यात मंडळाच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. पाळीवरून येणाऱ्यांसाठी तेथे रात्री आठनंतरचा वर्ग, वय न विचारता, सुरू व्हावा. शिकविण्याचा क्रमही वेगळा असावा. अगोदर डॉक्टरांकडून हृदय, गुडघे व मान यांची तपासणी. पहिले सहा महिने पडायला शिकणे, मानेची व कमरेची तयारी. मग पट काढणे, ढाक, कलाजंग. आणि वर्षभर यात्रेच्या फडात उतरायचे नाही, कोणी कितीही इनाम लावो. मातीबरोबर मॅटचाही सराव हवा, कारण स्पर्धा मॅटवर होतात. वजन उतरविण्यासाठी उपाशी राहणे पूर्ण वर्ज्य असावे. अर्धपोटी माणसाला आणखी उपाशी ठेवणे ही मल्लविद्या नव्हे.

दुसरी गोष्ट खुराकाची. गावाच्या दूध संस्थेने रोज काही लिटर दूध तालमीला द्यावे, ग्रामपंचायतीने आणि यात्रा समितीने आपल्या निधीतील वाटा द्यावा आणि त्याचा हिशेब दरमहा फळ्यावर लिहावा. एका धनिकाची देणगी दहा माणसांच्या वर्गणीहून मोठी असली तरी ती घेऊ नये. कारण वर मांडलेला व्यवहार तेथूनच सुरू होतो. प्रत्येक शिकणाऱ्याचा अपघात विमा तालमीने उतरवावा. बापाच्या नकारातील निम्मे बळ त्या एका कागदाने जाईल.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळ, शक्यतो स्त्री प्रशिक्षक आणि परतीच्या प्रवासाची सोय असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्थांना आणि क्रीडासंकुलांनाही लागू आहे, हे फार थोड्या तालमींना ठाऊक आहे. तक्रार समितीतील स्त्रियांची नावे दाराशी लावलेली असावीत.

चौथी गोष्ट शासनाकडे मागावयाची. तालुका क्रीडासंकुलाच्या कुलपाची किल्ली सायंकाळी कोणाकडे असते, याची विचारणा प्रत्येक ग्रामसभेने करावी. वीस ते तीस वर्षांच्या नवशिक्यांसाठी खुराक-भत्ता आणि तालुका पातळीवरील नवशिक्यांची स्पर्धा, या दोन मागण्या निवेदनात स्पष्ट असाव्यात. आणि धरणांच्या पाण्यावर जी पाणीपट्टी गोळा होते तिचा एक अंश धरणाच्या उगमाकडील तालुक्यांतील मुलांच्या आरोग्यासाठी व खेळासाठी राखून ठेवावा, ही मागणी भोर-वेल्ह्याने अग्रहक्काने केली पाहिजे. ती भीक नव्हे. नव्वदांहून अधिक वर्षांची थकबाकी आहे.

या साऱ्यात नवे फार थोडे आहे. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, तेव्हा मैदान हीच त्याची पहिली शाळा होती. जात, धर्म आणि स्त्री-पुरुष हा भेद शारीरिक शिक्षणाच्या रांगेत प्रथम गळून पडतो, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे सभा आणि निवेदने वाढली, मैदाने सुटली आणि ती इतरांनी घेतली. आज बलोपासनेचे नाव घेऊन द्वेष शिकविणाऱ्यांना मैदाने मोकळी मिळाली याचा दोष केवळ त्यांच्या माथी मारून भागणार नाही.

कार्यकर्त्याने उद्या कोणाच्या घरी जावयाचे असेल तर ते अशा एखाद्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या घरी. बापाशी वाद घालू नये. दुधाची सोय काय झाली, विम्याचा कागद कोठे आहे, रात्री परत सोडायला कोण येणार, एवढे त्याला सांगावे आणि लावणीच्या चार दिवसांत चार कार्यकर्ते चिखलात उतरतील असे वचन द्यावे, व ते पाळावे. घरचे काय म्हणतात, या वस्तादांच्या प्रश्नाला मग त्या तरुणापाशी खरे उत्तर असेल.